दात राखून धार

गेल्या वर्षी नवरात्र बसण्याच्या दोन-चार दिवस आधी आमच्या गल्लीत धार लावणारा आला. सोलापुरात हे लोक अजून येतात. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचे, आणि पट्ट्याने फिरणाऱ्या छोट्या दगडी चाकावर पाते टेकवायचे. त्याची हाळी ऐकून मी घरातले सगळे हत्यार बाहेर काढले : विळीचे पाते, भाजीच्या दोन सुऱ्या, एक कात्री, पाव कापायची दातेरी सुरी आणि आईचा विळा. पहिल्या चार वस्तूंना त्याने धार लावून दिली. शेवटच्या दोन हातात घेतल्या, अंगठ्याच्या नखाने चाचपल्या आणि परत माझ्या हातात ठेवल्या.

“सर, दात्याचं चाकावर धरू नगा. दात जातेत. दात गेले की चमचा आन् ही सुरी एकच.”

तो खरे बोलत होता, हे मला अनुभवाने ठाऊक होते. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका धारवाल्याकडून मी अशीच एक सुरी आग्रहाने घासून घेतली होती. तोही नको म्हणत होता, हट्ट माझा. आठ दिवस ती सुरी छान चालली. मग पावावरून घसरू लागली आणि शेवटी भंगारात गेली. म्हणून या वेळी मी मुकाट्याने दोन्ही वस्तू घरात नेल्या. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. दातेरी पात्याला धार लावताच येत नसेल, तर आई चाळीस वर्षे एकच विळा कशी वापरत होती?

आमचे गाव मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. रब्बीची ज्वारी आमच्याकडे बहुधा मुळासकट उपटतात आणि मग कणसे खुडतात, त्यामुळे तिथे विळ्याला फारसे काम नसते. विळा लागतो तो गव्हाला, जनावरांच्या घासाला आणि बांधावरच्या गवताला. आईच्या डाव्या हाताच्या करंगळीवर एक जुना व्रण होता. तो विळ्याचाच. ती सांगायची, की विळा धारेचा होता तेव्हा कधी लागला नाही, बोथट झाला तेव्हा लागला. मी पुढे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले, तरी या वाक्याचा अर्थ मला उशिराच कळला. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावलेले पाते घसरले की ते कुठे जाऊन थांबेल हे हाताच्या ताब्यात राहत नाही. आई गेल्यावर तो विळा मी शहरात आणला. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहायचो आणि पुन्हा कापडात गुंडाळून ठेवायचो. पूजा चालू होती, पण विळा बोथट तो बोथटच.

पात्याला दात हवेतच कशाला, हे आधी पाहू. पिकलेला टोमॅटो घ्या. त्याची साल गुळगुळीत आणि चिवट, आत मात्र मऊ. साधी सुरी जराशी बोथट असेल तर सालीवर नुसती सरकते, आणि दाबली तर साल फाटण्याआधी टोमॅटोच चेपतो. पावाचेही तेच, वरचा पापुद्रा कडक, आत लुसलुशीत. दातेरी पाते अशा वस्तूवर टेकते तेव्हा सबंध धार टेकत नाही, फक्त दातांची टोके टेकतात. हाताचा जोर तेवढाच, पण तो अगदी थोड्या जागेवर एकवटतो. म्हणजेच दाब वाढतो. टोक साल फोडते, आणि एकदा साल फुटली की दोन दातांमधली खाच आपल्या धारेने पुढचे काम करते. टोकाने शिरकाव करायचा आणि खाचेने कापायचे, अशी ही विभागणी आहे. ताटाला, फळीला घासून झिजतात ती टोके. खाच आत दडलेली असल्याने तिची धार पुष्कळ दिवस टिकते. त्यामुळेच दातेरी सुरी वर्षानुवर्षे बिनधारेची चालते, आणि तिला धारेची गरजच नसते असा आपला समज होतो.

पिकाच्या ताटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. गहू, भात, गवत या वनस्पती जमिनीतला सिलिका शोषून आपल्या पेशींत साठवतात. सिलिका म्हणजे वाळूचाच घटक. तेव्हा गव्हाचे काड कापणे हे अतिशय बारीक वाळूवरून पाते फिरवण्यासारखेच आहे. साधी धार त्याने लवकर मरते. शिवाय वाळलेले काड गुळगुळीत असते, ते पात्यावरून निसटते. दातांमध्ये ते अडकते आणि ओढले की तुटते. कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा दातेरी आहे तो याच कारणासाठी.

ही युक्ती लोखंडाहून जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत तांबे होते, पण दुर्मीळ. रोजचे कापणे-चिरणे चालायचे ते कॅल्सेडनी या गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या छोट्या पात्यांनी. अशी पाती ओळीने लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवली की विळा तयार. इजिप्तमध्ये काहून येथे फ्लिंडर्स पेट्री यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गारेचे दात बसवलेला अख्खा लाकडी विळाच सापडला. जगभरच्या अशा दगडी पात्यांच्या धारेवर अभ्यासकांना एक चकाकी दिसते. सिलिकायुक्त ताटे कापून कापून दगडावर चढलेली ती जिल्हई आहे. या विळ्याचा एक दात बोथट झाला, की तेवढाच उपटून नवा बसवायचा. धार लावण्याचा प्रश्नच नव्हता.

लोखंड आले आणि दात पात्याचाच भाग झाला. आता तो उपटता येईना, म्हणून त्याची निगा राखण्याची रीत शोधावी लागली. इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. तो न कळल्यामुळेच माझी सुरी भंगारात गेली. दातेरी पाती दोन प्रकारची असतात.

पावाच्या सुरीला चंद्रकोरीसारख्या खाचा असतात. कारखान्यात त्या चाकावर एकाच बाजूने कोरतात. सुरी उजेडात धरून पाहिली तर एका बाजूला प्रत्येक खाचेत तिरका उतार दिसतो आणि दुसरी बाजू सपाट असते. विळ्याचे दात मात्र असे कोरलेले नसतात. लोहार विळ्याच्या एका अंगावर छिन्नीने किंवा कानशीने एकमेकांना लागून तिरके चर पाडतो, शेतातल्या काकऱ्यांसारखे. हे चर धारेपर्यंत येऊन थांबतात, आणि जिथे चर धारेला मिळतो तिथे दात तयार होतो. दुसरे अंग गुळगुळीतच असते.

यावरून दोघांची धार लावण्याची जागा ठरते. विळा बोथट झाला तर चर असलेल्या अंगाला हातही लावायचा नाही. गुळगुळीत पाठ घासायची. पाठीकडून थोडा धातू गेला की धार मागे सरकते आणि चरांचा नवा छेद उघडा पडतो. जुना दात झिजलेला असला तरी त्याच चरातून नवा दात वर येतो. जोवर चर आहेत, तोवर दात आहेत. आईचा विळा चाळीस वर्षे चालला तो असा. ती चुलीपुढे बसून दगडाच्या एका गोल कपच्याने विळ्याची पाठ घासायची, एवढे मला आठवते. ती उलट्या बाजूने का घासते, हे मात्र मी तिला कधी विचारले नाही.

पावाच्या सुरीचे गणित उलटे. तिथे सपाट बाजू घासून भागत नाही. ज्या खाचेत उतार आहे त्या खाचेतच शिरावे लागते. चाकाचा व्यास मोठा, खाच लहान. चाक खाचेत जातच नाही, ते फक्त टोकांना लागते. टोके झिजत झिजत खाचेच्या तळाला येतात आणि नागमोडी धार सरळ होऊन बसते. आठ दिवस सुरी चालली ती या सरळ धारेवर. दुसरा धोका उष्णतेचा. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. पोलाद तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास निळे पडते, आणि घरगुती सुरीच्या कडेला असा निळा डाग दिसला की तिथले पाणी उतरले असे समजावे. तसे पोलाद मऊ पडते आणि त्यावर धार टिकत नाही. जाणता धारवाला पाते चाकावर क्षणभरच टेकवतो, लगेच उचलतो, मध्ये पाण्यात बुडवतो, ते यासाठी.

शिकलगार या शब्दात हे ज्ञान साठलेले आहे. तो फारसीतून आला. मुळाशी अरबी ‘सैकल’ म्हणजे जिल्हई. शिकलगार म्हणजे तलवारींना, कट्यारींना जिल्हई आणि धार देणारा कारागीर. फौजा गेल्या, तलवारी गेल्या, आणि हा कारागीर विळी-सुरीकडे वळला. सोलापूर, सांगली, सातारा या भागांत हे आडनाव आजही भेटते. किती धातू काढायचा यापेक्षा किती काढायचा नाही, हे कळणे त्याच्या धंद्याचे मर्म. आमच्या गल्लीतल्या धारवाल्याने दोन वस्तूंचे पैसे सोडले, पण दात सोडवले.

चाक खाचेत जात नाही, मग काय जाते? उत्तर सोपे आहे : खाचेहून बारीक आणि पोलादाहून कठीण अशी गोल कांडी. हल्ली भांड्यांच्या मोठ्या दुकानांत सिरॅमिक रॉड नावाची पांढरी कांडी मिळते. मुठीला बसवलेली, बोटाएवढी किंवा त्याहून बारीक. मी ती आणली तेव्हा घरातल्यांनी विचारले, चिनी मातीने लोखंडाला धार कशी लागेल? पण ती चिनी माती नव्हे. ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी दाबून, दीड हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून केलेली असते. कठीणपणाच्या मोहस मापात हिरा १०, हा पदार्थ ९, गारगोटी ७ आणि सुरीचे पोलाद साधारण ६ च्या आसपास.

हाच पदार्थ निसर्गात सापडतो तेव्हा त्याला आपण कुरुंद म्हणतो. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. रत्नांना पैलू पाडायला आणि हत्यारे घासायला हा दगड आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होता. युरोपातल्या खनिजशास्त्राने तो इथून उचलला, नावासकट. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध मांडला, आणि ‘कोरंडम’ हे नाव शास्त्रात रुळले. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांना विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ मिळाला. तो कार्बन आणि कोरंडम यांचे संयुग असावे, असे वाटून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. तर्क चुकला, ते सिलिकॉन कार्बाइड निघाले. नाव मात्र टिकले आणि चाकांवर बसून जगभर फिरले. सायकलवरच्या चाकाच्या नावात कुरुंद आहे, आणि दुकानातली कांडी तर खराच कुरुंद आहे. परदेशी म्हणून घरात आलेली वस्तू अशी जुन्या ओळखीची निघाली.

आता प्रत्यक्ष कृती. मी ती अनेकदा चुकून शिकलो, म्हणून तपशिलाने सांगतो.

आधी सुरीची उताराची बाजू ओळखा आणि खाचांमधला उतार मार्कर पेनने रंगवा. जेवायला बसायचा लाकडी पाट टेबलावर ठेवा. सुरी त्यावर आडवी : सपाट बाजू खाली, उतार वर, पाठ आपल्याकडे, धार पलीकडे. धारेची कड पाटाच्या पलीकडच्या काठाबाहेर जराशी येऊ द्या. डाव्या हाताने मूठ घट्ट दाबून धरा. उजव्या हातातली कांडी सुरीच्या पाठीवरून नेऊन एका खाचेत अशी टेकवा, की ती उतारावर अंगभर बसेल. वर उचललेली नको, खाली दबलेलीही नको. मग आपल्यापासून दूर, धारेच्या बाहेर, हलकेच ढकला. उचला, पुन्हा टेकवा, पुन्हा ढकला. मागे ओढायची नाही. अशाने उजवा हात कायम धारेच्या मागे राहतो. दोन-तीन वेळा ढकलून रंग पाहा. तो सगळ्या उतारावरून सारखा गेला असेल तर कोन बरोबर. फक्त कडेचा गेला असेल तर कांडी जास्त उभी आहे, फक्त वरचा गेला असेल तर जास्त आडवी.

प्रत्येक खाचेत पाच-सहा वेळा पुरे. कांडी किंचित डावीउजवीकडे झुकवली की चंद्रकोरीच्या दोन्ही बाजू घासल्या जातात. टोकांवर मात्र ती दाबायची नाही. मग सपाट बाजूवर पाठीकडून धारेच्या दिशेने अंगठा अलगद फिरवा. धारेच्या लांबीने कधीच नाही. कडेला अगदी बारीक खरखर लागली पाहिजे. कारखान्यातले लोक तिला ‘बर’ म्हणतात. धार पलीकडे पोचून धातूची कड उलटली, याची ती खूण. बर लागला नाही तर त्या खाचेत आणखी दोन-तीन वेळा. सगळ्या खाचा झाल्या की सुरी उलटी करा आणि कांडी सपाट बाजूवर पूर्ण आडवी ठेवून एक-दोनदाच फिरवा. बर निघून जातो. इथे जोर केला, तर खाचेत कमावलेले सपाट बाजूवर गमावाल.

कांडी खाचेपेक्षा जाड असेल तर ती चाकाचेच पाप करील. खाचेच्या तळाला न पोचता टोके झिजवील. अशा वेळी पेन्सिलीला किंवा बांबूच्या काडीला ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा. काम सावकाश होते, पण होते. ज्या स्वस्त सुऱ्यांना करवतीसारखे अतिबारीक दात असतात त्यांच्या खाचेत काहीच जात नाही; त्यांची सपाट बाजू हलकी घासायची आणि जेवढे मिळेल तेवढ्यात समाधान मानायचे. कांडीला तेल लावू नये. पोलादाचा कीस बसून ती काळपट झाली की भांड्यांच्या पावडरीने आणि काथ्याने घासून धुवावी. आणि ती पडू देऊ नये. कठीण असली तरी ठिसूळ असते. माझी पहिली कांडी तशीच गेली.

पावाची सुरी अर्ध्या तासात झाली. मग मी आईचा विळा घेतला. त्याची धार आतल्या अंगाला वळलेली. सपाट दगड तिथे टेकतच नाही. गोल कांडी मात्र त्या वळणात सहज बसते. आई गोल कपचा का शोधून ठेवायची, हे मला त्या दिवशी कळले. विळ्याची पाठ वर करून कांडी जवळजवळ आडवी, अगदी किंचित उचलून, मी मुठीकडून टोकाकडे घासत गेलो. गंज निघाला, मग पांढरी कड दिसली, आणि तिसऱ्या दिवशी धारेवर एकेक दात दिसू लागला. त्या खंडेनवमीला हळदकुंकू वाहताना प्रथमच बोट सांभाळावे लागले.

फाल्गुनात गव्हाची कापणी आली. गावी आमचे रान वाट्याने करणाऱ्या कुटुंबातल्या वहिनींना मी तो विळा दिला. त्यांनी तो दोन दिवस चालवला आणि परत देताना म्हणाल्या, “अण्णा, मुठीकडं लई ग्वाड चालतंय बगा. पर टोकाकडं निसटतंय. तिथं दातच न्हाईत.”

मी भिंग लावून पाहिले. त्यांचे बरोबर होते. टोकाकडच्या चार बोटांत चर पार झिजून गेले होते. तिथे मी धार आणली होती, दात आणले नव्हते. कुरुंद दडलेला दात उघडा करतो. नसलेला दात घडवत नाही. गुळगुळीत झालेल्या पाट्याला कितीही घासले तरी तो वाटत नाही, त्याला टाकीच लावावी लागते, तसे हे आहे. विळ्याला पुन्हा चर पाडायचे तर भट्टी हवी, छिन्नी हवी आणि पुन्हा पाणी द्यायला लोहार हवा. आमच्या गावचा भाता केव्हाच थंड झाला आहे. लोक बाजारातून तयार विळा आणतात आणि दात गेले की टाकून देतात. तो चुकीचा हिशेब आहे असेही म्हणवत नाही; नवा विळा स्वस्त पडतो. पण दातेरी पात्याला धार लागत नाही, हे जे आपण म्हणतो ते खरे नाही. धार लागते. ती कुठे लावायची, हे सांगणारी माणसे कमी झाली आहेत.

यंदा नवरात्राआधी तोच धारवाला आला. मी विळा पुढे केला. त्याने नखाने मुठीपासून चाचपायला सुरुवात केली, टोकाच्या चार बोटे अलीकडे थांबला आणि म्हणाला, “हितपर्यंत जमलंय, सर. फुडचं लोहाराचं काम.” मग त्याने एका गावाचे नाव सांगितले, जिथे अजून एक जण छिन्नीने दात पाडतो. दिवाळी झाली की मी तिकडे जाणार आहे. गहू कापायला यायच्या आत विळा वहिनींच्या हातात परत गेला पाहिजे.